राजाच्या वाढदिवसाला आपल्या दारावर झेंडा लावावा का? (नेदरलँड्स)

दारातली_जाई | २१ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे विचारते.

आम्ही आमर्सफोर्टला राहतो. दोन वर्षांपूर्वी रांगेतलं एक घर घेतलं. दाराशेजारी विटांच्या भिंतीवर एक लोखंडी नळकांडं ठोकलेलं होतं, वरच्या दिशेने तिरपं. नवऱ्याला वाटलं कपडे वाळत घालायच्या काठीचं असेल. मी दिवाळीत त्यात बांबूचा तुकडा अडकवून आकाशकंदील लावला. दोन्ही वर्षं लावला. अगदी मापात बसतो.

परवा शेजारच्या आजी (वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी स्वतःचं अंगण स्वतः झाडतात) कुंपणाशी थांबून म्हणाल्या, "तुमचा तो कागदी दिवा फार सुंदर असतो. पण तुमचा झेंडा कुठेय?" तेव्हा उलगडा झाला की ते नळकांडं झेंड्याच्या काठीचं आहे! आमच्या गल्लीत बावीस घरं, त्यातल्या बहुतेकांना ते आहे. कोनिंग्सडाखला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, बहुतेक दारांवर लाल-पांढरा-निळा झेंडा आणि त्याच्यावर नारिंगी रंगाची लांब पट्टी लागते. आमचं दार रिकामं.

दुसऱ्या दिवशी आजींनी घडी घातलेला जुना झेंडा आणून दिला. त्यांच्या यजमानांचा. "माझ्याकडे दोन आहेत, मला एक पुरतो." सोबत ती नारिंगी पट्टी, सुतळीने बांधलेली. कापडाला कपाटातल्या लव्हेंडरचा वास येतोय अजून.

आता घोळ असा. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय. नवरा म्हणतो, "परक्या देशाचा झेंडा, तोही राजाच्या वाढदिवसाला? आपल्या आजोबा-पणजोबांनी राजा घालवायला लाठ्या खाल्ल्या आणि आपण इथे काठी रोवायची?" मला वाटतं एवढं काही नाही त्यात. सासूबाई आल्या आहेत वाईहून, त्या दोन्ही बाजूंनी बोलतात. तुमच्यापैकी कुणी लावता का? काही नियम-कायदे असतात का? चुकलं तर लोक रागावतात का?

---

डाईकखालचा

लावा की! मी आइंडहोवनला अकरा वर्षं आहे, दरवर्षी लावतो. कायद्याचं म्हणाल तर सामान्य नागरिकांसाठी झेंड्याचा कायदा असा नाहीच. पंतप्रधानांच्या खात्याच्या सूचना असतात त्या सरकारी इमारतींसाठी. लोक संकेत म्हणून त्याच पाळतात. थोडक्यात:

सूर्योदयाला लावायचा, सूर्यास्ताला काढायचा. रात्री ठेवायचा तर त्यावर उजेड हवा. जमिनीला टेकू द्यायचा नाही. त्यावर काही लिहायचं-चितारायचं नाही. आणि नारिंगी पट्टी (विम्पल म्हणतात तिला) फक्त राजघराण्याच्या वाढदिवसांना: २७ एप्रिल राजा, १७ मे राणी माक्सिमा, ७ डिसेंबर युवराज्ञी अमालिया, ३१ जानेवारी राजाची आई बेआट्रिक्स. एरवी पट्टी कपाटात. हे मात्र लक्षात ठेवा, सगळ्यांची चूक तिथेच होते.

आणि महत्त्वाचं! यंदा २७ तारखेला रविवार आहे. रविवार आला की सोहळा एक दिवस आधी, शनिवारी. म्हणजे २६ ला लावा.

---

दारातली_जाई

अय्यो, रविवारचं माहीतच नव्हतं! मी २७ ला अलार्म लावून बसले असते.

---

डाईकखालचा

तुम्ही एकट्या नाही. २०१४ ला पहिल्यांदाच कोनिंग्सडाख होता आणि तेव्हाही २७ रविवारी आली होती, म्हणून २६ ला झाला. जुनी गाईडबुकं घेऊन आलेले पर्यटक ३० एप्रिलला डोक्यावर नारिंगी मुकुट घालून आम्स्टरडॅममध्ये हिंडत होते, आणि आजूबाजूची माणसं मुकाट ऑफिसला चालली होती. ३० एप्रिल ही आधीची तारीख.

---

इतिहासाचं_भूत

त्या ३० एप्रिलची गंमत सांगतो. हा सण १८८५ ला सुरू झाला, तेव्हा ३१ ऑगस्टला, राजकन्या विल्हेल्मिनाच्या पाचव्या वाढदिवशी. ती राणी झाल्यावर तो राणीचा दिवस झाला. पुढे मुलगी युलियाना गादीवर आली, तिचा वाढदिवस ३० एप्रिल, म्हणून १९४९ पासून तारीख ती. मग १९८० ला बेआट्रिक्स आली. तिचा वाढदिवस ३१ जानेवारी. तिथल्या जानेवारीत रस्त्यावर जुनी भांडी-खेळणी मांडून कोण बसणार? बाईंनी आईचीच तारीख ठेवली. २०१३ ला त्याच तारखेला तिने मुलासाठी गादी सोडली. विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस २७ एप्रिल, तीनच दिवस अलीकडे, त्यामुळे हवामान सांभाळलं गेलं.

आता नारिंगी का, तर घराण्याचं नाव ओरान्ये, म्हणजे ऑरेंज. मूळ झेंडासुद्धा नारिंगी-पांढरा-निळा होता, नंतर नारिंगीच्या जागी लाल आला. बरीच वर्षं दोन्ही चालायचे. शेवटी विल्हेल्मिनाने १९३७ च्या फेब्रुवारीत एका ओळीचा हुकूम काढला: रंग लाल, पांढरा, निळा. वाद मिटला. म्हणून नारिंगी आता वेगळ्या पट्टीत वर असतो.

जाईताई, एक इशारा. बाजारात किंवा ऑनलाइन कुठे नारिंगी-पांढरा-निळा असा तीन पट्ट्यांचा झेंडा दिसला आणि "अरे वा, आपला केशरी" वाटलं, तरी घेऊ नका. तिथल्या नाझीधार्जिण्या पक्षाने १९३० च्या दशकात तो उचलला होता, आणि आजही अतिउजवी मंडळी तो मिरवतात. शेजारी काही बोलणार नाहीत, पण बघतील.

---

टवाळ_कार्टं

म्हणजे केशरी पट्टी वर असली तर राजनिष्ठ आणि आत असली तर नाझी. शिंप्याचं काम फारच जोखमीचं की हो या देशात.

---

सांगलीचा_पेढा

मी जाईताईंच्या यजमानांच्या बाजूने. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण मला हे पटत नाही. माझे आजोबा सांगली संस्थानातल्या शाळेत होते. १९३५ साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत पोरांना रांगेत उभं केलं, हातात कागदी युनियन जॅक दिले आणि वर पेढा. आजोबा सांगायचे, पेढा खाल्ला आणि झेंड्याची काडी दात कोरायला वापरली. नव्वदी गाठेपर्यंत हा किस्सा रंगवून सांगत आणि प्रत्येक वेळी पेढा थोडा मोठा होत जाई.

मुद्दा असा की दुसऱ्याच्या राजाला सलाम ठोकायला आपण एकदा भाग पडलो, आता स्वखुशीने कशाला? शिवाय डच लोकांनी इंडोनेशियात काय केलं तेही आठवा. झेंडा तोच.

---

वेंगुर्लेकर

इंडोनेशिया लांब राहिला, आमच्या गावातच आहेत की. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ ची. आज भिंती उभ्या आहेत, छप्पर गेलं, आत वड-पिंपळ. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. म्हणजे तुमच्या शेजारच्या आजींचा झेंडा साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या बंदरात फडकून गेलाय. आता तुम्ही तिकडे जाऊन आकाशकंदील लावलात, फिट्टंफाट!

---

दारातली_जाई

@सांगलीचा_पेढा, तुमच्या आजोबांचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, तो फार खूश झाला. (मला नाही आवडलं ते.) पण फरक आहे हो एक. आजोबांना रांगेत उभं केलं होतं. मला कुणी केलेलं नाही. बावीस घरांत तीन घरं लावत नाहीत. एक जण उघडच प्रजासत्ताकवादी आहे, तो त्या दिवशी मुद्दाम पांढरा टीशर्ट घालून बाहेर खुर्ची टाकून बसतो म्हणे. त्याच्याशीही सगळे बोलतात.

---

डाईकखालचा

मी मागेच डच नागरिकत्व घेतलं. त्या कागदावर मंजुरी राजाच्या हुकुमानेच येते, म्हणजे कागदोपत्री मी राजाचाच माणूस. पण खरं सांगू, २७ ला राजा कुणाच्या डोक्यात नसतो. पोरं चादरी अंथरून जुनी खेळणी विकतात, त्या दिवशी रस्त्यावर विकायला परवाना लागत नाही. माझ्या लेकाने गेल्या वर्षी स्वतःची जुनी सायकल विकली आणि त्याच पैशांत दुसऱ्याची त्याहून जुनी घेतली. नारिंगी आयसिंगचं तोम्पूस खायचं, ते खाताना मधलं क्रीम बाजूने बाहेर येतं आणि शर्टावर पडतं. हा खरा विधी.

---

कोपनहेगनची_माई

धागा आत्ता पाहिला. आमच्या डेन्मार्कमध्ये झेंड्याचं प्रकरण याहून गंभीर हो! इथे बागेत चक्क उंच खांब असतो. राजाचा वाढदिवस (२६ मे) तर आहेच, त्या दिवशी शहरातल्या बसगाड्यांनाही पुढे दोन छोटे झेंडे लागतात. पण घरातल्या पोराच्या वाढदिवसालाही झेंडा, केकवर झेंडे, आजोबा दवाखान्यातून घरी आले तरी झेंडा. राजाला आणि चिंटूला एकच मान. मला ते फार आवडतं.

नियम कडक. सूर्यास्ताला उतरवायचा म्हणजे उतरवायचा. रिकामा खांब बरा दिसत नाही म्हणून रात्री लांब अरुंद पट्टी ठेवली तर चालते. मागून दोन टोकं निघालेला, फाटा असलेला झेंडा सरकारचा आणि नौदलाचा, आपल्याला चौकोनीच. माझ्या यजमानांनी पहिल्या वर्षी हौसेने दोन टोकांचा आणला होता, "आपल्या भगव्यासारखा दिसतो" म्हणून. समोरच्या काकांनी कॉफीला बोलावून, केक खायला घालून, मग हळूच सांगितलं.

आणि तिरंगा लावायचा विचार असेल तर डेन्मार्कमध्ये नाही चालत बरं का. १ जानेवारी २०२५ पासून खांबावर परदेशी झेंडा लावायला कायद्याने बंदी आहे, शेजारी नॉर्डिक देश वगैरे मोजके अपवाद. हॉलंडात तसं काही नाही ना?

---

डाईकखालचा

नाही नाही. इथे तुम्ही काहीही लावा. फुटबॉल क्लबचे लावतात.

---

नियमावली_नाना

तिरंग्याचा विषय निघाला म्हणून. कुणी उत्साहाने एकाच काठीवर डच झेंडा आणि तिरंगा, किंवा तिरंग्यावर ती नारिंगी पट्टी बांधू नका. आपल्या २००२ च्या ध्वजसंहितेनुसार तिरंगा दुसऱ्या कुठल्याही झेंड्याबरोबर एकाच दांड्यावर लावता येत नाही. दोन लावायचे तर दोन काठ्या.

बाय द वे, सूर्यास्ताला उतरवायचा नियम आपल्याकडेही होता. २०२२ च्या जुलैत दुरुस्ती झाली, आता घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. आणि आपल्याला घरावर रोज लावायचा हक्क मिळाला तोच मुळी २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला. २००२ च्या संहितेआधी सामान्य माणसाला मोजकेच दिवस मुभा होती. त्यामुळे आपल्या पिढीला "दारावर झेंडा" ही सवयच नाही, शाळेच्या पटांगणातला माहीत.

---

साताऱ्याची_सून

सवय नाही कशी? गुढी काय असते मग? काठी, वर कापड, सूर्योदयाला उभारायची, सूर्यास्ताला उतरवायची. झेंड्यासारखेच नियम आहेत सगळे. आणि राजाच्या सोहळ्याचंच म्हणाल तर ६ जूनला आमच्या ग्रामपंचायतीसमोर भगवी स्वराज्यगुढी उभारतात, शिवराज्याभिषेकाची. सरकारनेच २०२१ पासून सुरू केलंय. रायगडावरच्या त्या सोहळ्याला साडेतीनशे वर्षं झाली. आपणही राजाच्या नावाने काठी उभारतोच की.

---

सांगलीचा_पेढा

तो आपला राजा होता, ताई. आणि तो आज कर घेत नाही.

---

साताऱ्याची_सून

हे मान्य.

---

दारातली_जाई | २६ एप्रिल २०२५

तर मंडळी, लावला!

सकाळी सव्वासहाला मी, लेक आणि सासूबाई अंगणात. नवरा "मी फक्त स्टूल धरणार" या अटीवर आला. काठी नळकांड्यात बसली, झेंडा बांधला, पट्टी वर बांधली, वारा आला आणि सगळं असं सुरेख उलगडलं की मीच टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा जरीपटका कुणाचा गं?" मग कुणी काही म्हणायच्या आत काठीला हळदकुंकू लावून मोकळ्या झाल्या. माझा जीव वरखाली, पण काठीला लावलं, कापडाला नाही.

दहा मिनिटांनी आजी गाऊनवरच बाहेर. माझ्याकडे बघतात, झेंड्याकडे बघतात, काही बोलेनात. शेवटी बोटाने हवेत उलटंपालटं करून दाखवलं. निळा वर, लाल खाली! उलटा लावला होता आम्ही.

मी म्हटलं होईल चूक, हसतील. पण आजी हसल्या नाहीत, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं त्यांनी.

---

डाईकखालचा

हाहाहा! बघणारच. २०२२ मध्ये शेतकऱ्यांचं नायट्रोजनच्या नियमांविरुद्ध आंदोलन पेटलं होतं तेव्हा निषेध म्हणून देशभर उलटे झेंडे लागले होते. पुलांवर, दिव्याच्या खांबांवर, शेतांच्या फाटकांवर. बरेच दिवस तसेच होते. तुम्ही राजाच्या वाढदिवशी सकाळी सव्वासहाला सरकारचा निषेध नोंदवलात.

---

सांगलीचा_पेढा

माझ्या आजोबांना तुमचा अभिमान वाटला असता.

---

लंडनचा_भाचा

उलट्याचं दुःख आम्हाला विचारा. तुमचे तीन पट्टे तरी आहेत, कळतं. युनियन जॅक उलटा लागलाय हे नव्वद टक्के इंग्रजांनाच कळत नाही. काठीच्या बाजूच्या अर्ध्यात तिरप्या लाल रेघेच्या वरची पांढरी पट्टी जाड हवी. ६ मे २०२३ ला चार्ल्सच्या राज्याभिषेकाला आमच्या गल्लीत रस्ता अडवून जेवणाची टेबलं मांडली होती, वर पताका. मी बटाटेवडे नेले होते. एका निवृत्त आजोबांनी अर्धा तास शिडीवर चढून एकेक पताका तपासली आणि सात उलट्या काढल्या. पाऊस रिपरिप पडतच होता. वडे संपले, केक उरला.

---

टवाळ_कार्टं

माझ्या मित्राने ऑनलाइन स्वस्तात "हॉलंडचा" मागवला होता. निळा जरा फिकाच वाटला. लावून झाल्यावर कळलं लक्झेंबर्गचा आहे. शेजारी लक्झेंबर्गचा निघाला असता तर मैत्री तरी झाली असती.

---

दारातली_जाई

मग आजींनीच स्टुलावर चढायचा हट्ट धरला. नवरा घाबरून "नको नको" म्हणत स्वतः चढला, आजी खालून सूचना देत होत्या. कापडाच्या एका टोकाला लाकडाची छोटी आडवी खुंटी शिवलेली आहे, ती वर जाते. त्यावरून ओळखायचं. आम्ही ती सुटलेली काहीतरी शोभा समजून खाली सोडली होती. सरळ झाला. नवरा स्टुलावरून उतरला तो त्याच्या सदऱ्यावर नारिंगी पट्टीच्या रंगाचा ठिपका. दिवसभर तोच सदरा घालून हिंडला, बाजारात तीन जणांनी "छान" म्हटलं.

रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा उतरवायला तोच गेला. मी आठवण केली नव्हती.

---

दारातली_जाई | ५ मे २०२५

पुढचा भाग. काल ४ मे, युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन. झेंडा अर्ध्यावर. तिरप्या काठीवर अर्ध्यावर कसा आणायचा? आजींनी दाखवलं, दोरी काठीच्या मध्यावर गुंडाळायची. रात्री आठ वाजता दोन मिनिटं अख्खी गल्ली गप्प. गाड्या थांबल्या. कुत्रं तेवढं भुंकत होतं. आजी दारात उभ्या होत्या, कोट घालून.

आज ५ मे, मुक्तिदिन. मी सकाळी मोठ्या आत्मविश्वासाने झेंडा पूर्ण वर लावला, सरळ लावला, आणि वर पट्टीही बांधली. डाईकखालचा यांनी वर सांगितलेलं साफ विसरले. आजी आल्या, काही न बोलता पट्टी सोडली, हातावर गुंडाळून चौकोनी घडी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मी पाच वर्षांची होते, कॅनडाचे सैनिक आले तेव्हा. त्या दिवशी आईने झेंडा गादीच्या आतून काढला होता, टाके उसवून.

एवढंच बोलल्या आणि अंगण झाडायला गेल्या.

---

कोपनहेगनची_माई

वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

---

सांगलीचा_पेढा

माझा आक्षेप राजावर होता. तो कायम आहे. आजींना नमस्कार सांगा.

---

नियमावली_नाना

अवांतर: १५ ऑगस्टलाही तिथे सरकारी इमारतींवर झेंडा असतो, पट्टीशिवाय. आशियातलं युद्ध संपलं म्हणून. दरवर्षी कुणीतरी नवखा भारतीय नगरपालिकेचा फोटो काढून "बघा, आपला स्वातंत्र्यदिन इथेही!" म्हणून ग्रुपवर टाकतो. तो फोटो टाकणारा मी होतो, २००९ ला.

---

दारातली_जाई | १४ जून २०२५

धागा वर काढतेय. काठी परत लागली आहे! आजींचा नातू शाळेची शेवटची परीक्षा पास झाला. इथे पास झालं की झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला शाळेचं दप्तर टांगतात. आजींच्या काठीची खिट्टी गंजून तुटली म्हणून दप्तर आमच्या दारावर आलं. त्यामुळे कालपासून चार जणांनी आमचंच अभिनंदन केलं. लेक तिसरीत आहे.

एक कामाचा प्रश्न: दप्तराच्या पट्ट्याने झेंड्याच्या पांढऱ्या भागाला काळा डाग पडलाय. कापड जुनं, सुती आहे. मशीनमध्ये टाकला तर लाल रंग पांढऱ्यावर उतरेल का? आजींना विचारायचा धीर होत नाही.

---

साताऱ्याची_सून

मशीनमध्ये अजिबात नको. गार पाण्यात मूठभर मीठ, दहा मिनिटं भिजव, रिठ्याच्या पाण्याने फक्त डागावर बोटाने चोळ. पिळू नकोस. सावलीत वाळव, आणि वाळत घालताना खाली टेकू देऊ नकोस.

---

डाईकखालचा

आणि खुंटीची बाजू वर.